वाट्यांतलं मकाते

झांझिबारहून आल्याला नऊ दिवस झाले तरी फखरुन्निसा जेवलीच नव्हती, ऐका तुम्ही! चहात बुडवून बिस्किट, तेही अर्धं. चौसष्ट साली तिकडे दंगा झाला, म्हातारी घरदार टाकून निघाली आणि कुवेतला मुलाच्या, इद्रीसच्या खोलीवर आली. डॉक्टरने सरळ सांगितलं, पोटात अन्न गेलं नाही तर काही खरं नाही.

इद्रीस दिवसभर बंदरावर. त्यामुळे सगळं सुनेच्या, रहिमाच्या गळ्यात. ती इस्पितळात आया. पहाटेपासून दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या उचलायच्या आणि दुपारी घरी येऊन आपली.

"अम्मा, बोला तरी, काय खाल?"

"मकाते."

मकाते म्हणजे तिकडची तांदळाची वाफवलेली भाकरी, नारळाच्या दुधातली. रहिमा रत्नागिरीची. तिला वाटलं, अगो, हे तर आपलं सांदणच! तांदूळ भिजवून वाटले, सुक्या खोबऱ्याचं दूध काढलं, इराणी रोटीवाल्याच्या तंदूरवरून आंबलेल्या पिठाचा गोळा मागून आणला. सांदणाला लावतात तसं बारा वाट्यांना तूप लावलं, पीठ ओतलं, वाफवलं. काय फुललं होतं! एक वाटी बशीत उपडी करून तिने अम्मापुढे ठेवली.

म्हातारीने पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "सांदण."

दुसऱ्या दिवशी वेलची वाढवली. "सांदण." तिसऱ्या दिवशी दूध घट्ट केलं. बशी परत! आणि त्या बारा वाट्या रोज घासायच्या, खाऱ्या पाण्याने, साबणाला फेस नाही की काही नाही. रहिमाचे पाय असे सुजलेले की चपलेत जाईनात.

चौथ्या दिवशी वाट्या तशाच मोरीत पडलेल्या. घासायला तिच्यात जीवच नव्हता हो! सगळं पीठ तिने एका खोलगट थाळीत ओतलं, झाकणाला फडकं बांधलं आणि स्टोव्हशेजारी बसून राहिली. शिजल्यावर अख्खी थाळी खाटेवर आदळली.

"घ्या अम्मा. वाट्याबिट्या काही नाहीत आज. नाही आवडलं तर नाही."

म्हातारी उठून बसली. स्वतःहून! "सुरी दे."

थाळीत तिने त्रिकोणी तुकडे पाडले आणि पहिला रहिमापुढे धरला.

"मी नंतर..."

"बस खाली! एकेक वाटी मला देतेस आजाऱ्यासारखी आणि स्वतः उभी. मकाते काय एकटीने खातात गो? आमच्याकडे एका थाळीवर सात माणसं बसायची." म्हातारीने तुकडा तिच्या हातात दिला. "आता तू बस."

रहिमा बसली. फखरुन्निसाने घास घेतला, हळूहळू चावला, गिळला. मग दुसरा.

"साखर कमी पडली," ती म्हणाली आणि तिसरा तुकडा उचलला.

रहिमाला हसायचं होतं, पण चावता चावताच डोळे मिटत होते.

"उद्या जरा मोठी थाळी घे," म्हातारी म्हणाली. "खालच्या मजल्यावरच्या त्या झुलेखालाही बोलव."

"बोलावते," रहिमा म्हणाली आणि भिंतीला टेकून तशीच बसून राहिली. तांदूळ भिजत घालायला उठायचं होतं.