तुडीलचा खडेबाबा

रविवार उजाडला की तुडीलला सावित्रीच्या काठी माणसांची झुंबड उडायची. खडेबाबा मुतखडा तोंडाने ओढून काढतो, ही कीर्ती पार डोंगरावरच्या कुडपण गावापर्यंत पोचली होती. तिथला भागोजीही दुखण्याने वाकलेल्या बायकोला, जनीला, घेऊन आला.

बाबाने विड्याचा तोबरा भरला, जनीच्या डाव्या कमरेला तांब्याची नळी लावली.

"बाबा, तिथं नाय, खाली ओटीपोटात दुखतंय," जनी कळवळली.

"मुतखडा कमरेतच असतो! माझी नजर कातडीच्या आत जाते, बाई!" बाबा तोबऱ्यातून गुरगुरला. नाकावर मात्र जाड भिंगांचा चष्मा होता.

"गप गो, त्यांना जास्त कळतं," भागोजीने दटावलं.

बाबा नळीतून जोरात ओढून थाळीत थुंकला. टण्णदिशी काळा खडा वाजला. लोकांनी हात जोडले.

भागोजीने तो खडा देव्हाऱ्यात ठेवला. कळ आली की खडा धुऊन ते पाणी जनीला तीर्थ म्हणून पाजायचा. बिचारी मुकाट्याने प्यायची. असे सहा महिने गेले. मग तापाने फणफणलेल्या जनीला डोलीतून खाली उतरवून महाडला आणलं. डॉक्टर आयशांनी सोनोग्राफी केली.

"हिची डावी किडनी कमरेत नाहीच. काहींची जन्मापासून खाली ओटीपोटात असते, तशी हिची आहे. खडा तिथेच अडकलाय, पू झालाय. इतका उशीर का केलात?"

"पण बाबानं खडा काढला ना, डाव्या कमरेतनं..."

"जिथे किडनीच नाही, तिथून?"

जनीला तसंच मुंबईला नेलं, पण विष रक्तात भिनलं होतं. चौथ्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतरच्या रविवारी भागोजी तुडीलला पोचला. बाबापुढे एक पोर पालथी निजली होती. भागोजीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बाबा, आधी चूळ भरा. मग ओढा."

"विडा मंत्रलेला हाय! थुंकला तर कोप होईल!"

"होऊ दे. माझं आता काय जायचं राहिलंय?"

"भरा की बाबा, चूळच तर हाय," गर्दीतली साळूबाई म्हणाली.

बाबा खवळला. शाप द्यायला त्याने तोंड वासलं आणि तोबऱ्यासकट नदीतले तीन काळे खडे थाळीत पडले.

कुणी हसलं नाही. भागोजी त्या पोरीजवळ बसला.

"कुठं दुखतं गो तुला? तेच डॉक्टरला सांग. आतला फोटो काढून घे."

मग तो लोकांकडे वळला. "दुखणाऱ्या माणसाचं ऐका रे. माझी जनी नेमकी जागा सांगत होती. तिला गप मीच केली."