घरचं ड्रेसिंग

एका शब्दावर तिघांचं पोट चालत होतं. शब्द इंग्रजी, पण घरात असा रुळलेला, की सोयराच वाटावा. ती कपड्यांच्या दुकानात काचेमागच्या पुतळ्यांना सजवायची, ते ड्रेसिंग. तिचा भाऊ हॉटेलात कच्च्या भाज्यांवर आंबट-गोड ओतायचा, तेही ड्रेसिंग. आणि नवरा कारखान्यात ग्राइंडिंगच्या चाकावर हिऱ्याचं टोक फिरवायचा, तेही ड्रेसिंगच. गुळगुळीत झालेलं चाक कापत नाही, नुसतं तापतं. वरचा मेलेला थर खरवडला, की खालचे ताजे कण उघडे पडतात. त्याचा हात त्यात असा बसलेला, की दुसऱ्या पाळीवाले म्हणत, "दादा, आमच्याही चाकाला जरा हात लावून जा."

साखरेच्या दुखण्यानं त्याच्या तळव्याला जखम झाली, तेव्हा जेवताना मेहुणा म्हणाला, "घ्या भाऊजी, आता तुमचंही ड्रेसिंग! वर लिंबू पिळू का?"

"पिळ बाबा. मेहुण्याच्या हातून दुसरं काय व्हायचं?"

दवाखान्यातला ड्रेसर अधूनमधून पट्टी सोडायचा, पांढरं पडलेलं मांस चिमट्यानं उचलून कापायचा, लाल दिसलं की थांबायचा. नवरा टक लावून बघायचा.

"चाकासारखंच की," घरी येताना तो म्हणाला. "पण फार भीत भीत करतो. अशानं वर्ष जाईल, आणि माझ्या मशीनवर दुसराच उभा राहील."

ती दुकानात गेली, की तो स्वतःच पट्टी सोडू लागला. ब्लेड उकळलेलं, हात स्थिर, काम सफाईदार. साखरेनं तळवा बधिर झालेला, दुखत तर नव्हतंच. लाल दिसे, जीव सुखावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरं दिसे, मग आणखी थोडं.

एका दुपारी तिनं दारातून पाहिलं आणि ब्लेड हिसकावलं.

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही," तो हसला.

"देव नकोय मला. नवरा हवाय."

तशीच ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. ड्रेसरनं पट्टी सोडली, जखम पाहिली. डॉक्टरांना बोलावून आणलं.

"हे कुणी केलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," नवरा म्हणाला. आवाजात अजून कामाचा तोरा होता.

ड्रेसर तिच्याकडे वळला. "वहिनी, लाल दिसलं की मी थांबतो, कारण तिथूनच मांस वर येतं. यांनी रोज कोवळा कोंब खुडला हो."

हाडापर्यंत सगळं सडलं होतं. डॉक्टरांनी पेनानं गुडघ्याखाली रेघ मारली. नवऱ्यानं ती निरखून पाहिली, कापायच्या लोखंडावरची खूण पाहावी तशी.

"जरा खाली नाही का घेता येणार?"

"नाही."

"मग मशीनपुढे उभं..."

ती खाली बसली. त्याच्या दुसऱ्या पायाचा मोजा काढून तळवा ओंजळीत घेतला, कडेला अंगठा दाबला.

"कळतंय?"

त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं नाही. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि अंदाजानं म्हणाला, "हो."