बेनिग्नाबाईंचा पांढरा रुमाल

मी रुमाल बोलतोय. नाक शिंकरायचं असेल तर जरा थांबा, आधी ऐकून घ्या.

माझा जन्म बेनिग्नाबाईंच्या मांडीवर झाला. त्यांचा लेक एलोय गावच्या फुटबॉल संघात बचावपटू म्हणून निवडला गेला, त्या आनंदात बाईंनी एक जुनी चादर फाडली आणि माझ्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने लेकाचं नाव भरलं. एवढ्या थाटात जन्मलो आणि पुसलं काय, तर सूर्यफुलाच्या बियांचं मीठ! खारवलेल्या बिया सोलल्याशिवाय आमच्या सोतोव्हेर्दे गावात कुणाला खेळ दिसतच नाही.

एलोयचा खेळ मोठा नाजूक. चेंडू निसटला तर तो माणूस धरायचा, माणूस निसटला तर त्याची चड्डी. पंचाने शिट्टी मारली की असा निरागस चेहरा करायचा की बाई म्हणत, "मेला अगदी बापावर गेलाय." गावाने मात्र त्याला डोक्यावर घेतलं.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यालाच कोच केलं. पण जित्याची खोड! अकराच्या अकरा जण आपल्याच गोलासमोर उभे, जणू तिथे फुकट जेवण वाटताहेत. समोर गोल करायचा असतो हे त्याच्या गावीही नव्हतं.

आता आमच्याकडची रीत अशी, की कोच नकोसा झाला की लोक पांढरे रुमाल काढून हलवतात. मैदान पांढरं झालं की सोमवारी नवा कोच. पण बेनिग्नाबाईंच्या देखत रुमाल काढणार कोण? सगळे खिशातल्या खिशात कुस्करत बसायचे.

मागच्या रांगेतला सातुर्नीनो खवचटपणे म्हणायचा, "काकू, लेकाला सांगा, पलीकडेही एक गोल असतो म्हणून!"

"तुझ्या तोंडात बिया आहेत ना? मग चाव गुपचूप!"

एका रविवारी आम्ही सपाटून मार खात होतो. सगळं मैदान शिव्या घालत होतं आणि एलोय खिशात हात घालून, मान खाली घालून एकटाच उभा होता. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी मला काढलं आणि मीठ डोळ्यांत जाऊ नये म्हणून हवेत जोरात झटकलं.

झालं! सातुर्नीनो ओरडला, "अरे, खुद्द आईनेच रुमाल काढला!"

डोळे पुसायच्या आत सगळं मैदान पांढरं झालं. इतक्या आज्ञाधारकपणे ही मंडळी बायकोचंही ऐकत नाहीत.

सोमवारी नोकरी गेली. संध्याकाळी एलोय मसुराच्या आमटीसमोर बसून राहिला. "आई, मी नको झालो होतो तर घरी सांगायचंस."

"अरे गाढवा, मी डोळे पुसत होते!"

"रडायला काय झालं होतं?"

"सगळा गाव माझ्या पोराला शिव्या घालत होता. टाळ्या वाजवू?"

त्याने ताट पुढे ओढलं आणि दोनदा आमटी घेतली.

हल्ली तो बाईंच्या शेजारी बसून खेळ बघतो. परवा नव्या कोचच्या पोरांनी चक्क गोल केला आणि या दांडगट बचावपटूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने आईच्या पिशवीत हात घातला. बाईंनी फाडकन हातावर मारलं. रुमाल निघतोय का म्हणून सगळी रांग त्यांच्याकडेच बघत होती.

"बाहीला पूस मेल्या! त्या नव्या कोचचीही आई असेल कुठेतरी."

तेव्हापासून मी पिशवीच्या तळाशी पडून आहे, धुतलेला, इस्त्री केलेला. बाबांनो, कुणाला सर्दी झाली असेल तर सांगा हो!