तिसरं कडवं

बारक्या चव्वेचाळीस वर्षांचा झाला, पोट सुटलं, गुडघे कुरकुरायला लागले, तरी पोस्टरवर नाव आपलं बारक्याच. आणि गाणं? तेही तेच! एकोणिसाव्या वर्षी मित्राच्या गॅरेजात कॅसेटवर भरलेलं. तेव्हा रॅप म्हणजे नुसती फुशारकी आणि शिवीगाळ. त्यात हा पठ्ठ्या स्वतःच्या बापाबद्दल रडला आणि पोरं वेडी झाली. कॅसेट गेली, सीडी गेली, मोबाइल आला. आता विशीतली पोरं अंथरुणात बसून हळू आवाजात आपापली दुःखं रॅप करतात आणि ह्याला गुरू मानतात. बायकोवर, लेकीवर त्याने नवी गाणी का कमी केली? पण कार्यक्रमात पाचव्या मिनिटाला त्या जुन्या गाण्यासाठी ओरडा सुरू: "पट्टा! पट्टा!"

गाण्यातला बाप खरा होता. खोलीला कुलूप लावून पट्ट्याने झोडपणारा वेल्डर. चार वर्षांपूर्वी त्याला झटका आला, उजवी बाजू गेली, आणि तो बारक्याच्याच घरी आला. आंघोळ, दाढी, सगळं बारक्या करायचा. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. पण दोघांचं बरं चाललं होतं. घरात ते गाणं मात्र कधी लागत नसे.

आणि एका दुपारी कार्यक्रमाआधी पडद्याआडून पाहतो तर काय, पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत बाबा!

"ह्यांना कशाला आणलंस?" त्याने मॅनेजरचा दंडच धरला.

"काकाच मागे लागले. म्हणाले, पोराचं एकदा तरी ऐकू दे. लोक ढसाढसा रडतील बघ!"

"मी पट्टा म्हणणार नाही."

"करारात लिहिलंय, राजा. आणि लोक खुर्च्या मोडतील."

 बारक्याने मनाशी ठरवलं: पहिलं कडवं गल्लीचं, दुसरं आईचं, ती दोन म्हणायची. तिसरं बापाचं. ते गिळून टाकायचं.

दोन कडवी झाली. बाबा डाव्या पायाने ठेका धरत होते, चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. बारक्याने तोंड मिटलं आणि माइक खाली घेतला.

झालं! गायक गप्प झाला की पुढचं आपण म्हणायचं, ही सवय पंचवीस वर्षं त्यानेच तर लावली होती. आठशे तोंडं एकदम उघडली:

"वळ मोजतो मी, आवाज नाही काढत,
बाबा, उद्या मेलास तरी मी नाही रडत!"

त्याने दोन्ही हात हलवून नको नको केलं. लोकांना वाटलं, आणखी जोरात! मागच्या डीजेने तर हौसेने संगीतही थांबवलं, शब्द स्वच्छ ऐकू यावेत म्हणून. अख्खं कडवं झालं, एक ओळ चुकली नाही. पन्नाशीचे बाप्ये डोळे पुसत होते, शाळकरी पोरी डोळे मिटून म्हणत होत्या. बाबा मान वळवून एकेकाचं तोंड पाहत होते. बारक्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं.

कार्यक्रम संपल्यावर बारक्याने बाबांना उचलून गाडीत बसवलं.

"मी नाही म्हटलं, बाबा," तो म्हणाला.

"पाहिलं मी." म्हाताऱ्याची जीभ जड होती, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "सगळ्यांना पाठ आहे रे."

"बंद करतो मी ते गाणं. आजपासून बंद."

म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला.

"कुणाकुणाचं तोंड धरशील?"