शेवटच्या दारापुढचा वाटसरू

चष्म्याची भिंगे घासण्यात उभी हयात घालवलेल्या त्या वृद्ध कारागिराला अस्पष्ट गोष्टींचा मनस्वी तिटकारा होता, आणि दिवंगत पत्नीचा अर्धवट राहिलेला खेळ ही त्याच्या घरातली एकमेव अस्पष्ट गोष्ट होती. रुग्णालयात जाण्यापूर्वी तिने आपल्या कंदीलधारी वाटसरूला भुयारातल्या शेवटच्या बंद दारापुढे आणून उभे केले होते. "मी आल्यावर उघडीन. तुम्ही हात लावायचा नाही हं!" असे बजावून ती गेली, ती परतलीच नाही.

तो पुरातन खेळ नव्या संगणकाला पचेना, तेव्हा सूनबाईंनी त्याच्याच पोटात एक आभासी, जुन्या धाटणीचा संगणक थाटून दिला. खेळ मोठा खुनशी होता. कंदील विझला की तो जपून ठेवलेला डावसुद्धा पुसून टाकी. म्हणून प्रत्येक प्रयत्नाआधी आतल्या संगणकाचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी नोंद, घ्यायचा आणि हरताच पूर्वस्थितीचे बटण दाबायचे. आपण हरलो होतो हे आतल्या जगाला कळतही नसे.

त्या दुपारी सूनबाई चहाचा कप ठेवून वळल्या, त्याने स्नॅपशॉट घेतला, आणि त्या उंबरठ्यावरून हसून म्हणाल्या, "बाबा, हा तर रडीचा डाव झाला! सासूबाईंनी पाहिलं असतं म्हणजे?"

"मरण रडीचा डाव खेळलं, तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. आता मी खेळतो."

चहा संपला, कंदील विझला, त्याने बटण दाबले. सवयीने कपाकडे हात गेला, तर कप भरलेला, वाफाळता.

"बाबा, हा तर रडीचा डाव झाला!" सूनबाई उंबरठ्यावरून हसत होत्या.

तो घाबरला नाही, चिडला. पुढच्या खेपेला कंदील विझताच त्याने कप उचलून मुद्दाम फरशीवर आपटला आणि मग बटण दाबले. कप टेबलावर अखंड होता, भरलेला होता, आणि सूनबाई वळून हसत होत्या.

"कुणाला वाटत असेल मी उठून जाईन," तो पुटपुटला, "तर तो भ्रम आहे." आणि त्याने खुर्ची आणखी पुढे ओढली.

आजवर सारे हातपाय त्याने कंदील वाचवण्यासाठी मारले होते. या खेपेला वाटसरूची पाठ दाराला टेकवून त्याने तो स्वतःच विझवला. खेळ थांबला नाही. अंधारात प्रकाशाची एक उभी रेघ उमटली, रुंदावली, आणि वाटसरू आत गेला. तेथे कुणीतरी पाठमोरे बसले होते, डावा खांदा किंचित झुकवून. ती बसत असे तसेच. त्या आकृतीची मान हळूहळू वळू लागली.

चहाचा वास आला.

कप भरलेला होता. पडद्यावर दार बंद होते आणि त्यापुढे वाटसरू कंदील घेऊन उभा होता. बटणाला त्याने बोटही लावले नव्हते.

"बाबा, हा तर..."

"रडीचा डाव, ठाऊक आहे मला," पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "पण या वेळी माझा नव्हे, सूनबाई."

मग तो पडद्याकडे झुकला आणि बायकोशी भांडताना लावी तसाच आवाज लावून म्हणाला, "डाव लाव परत. कितीही वेळा लाव. मला आता वाट पाठ आहे."

आणि त्याने कंदील विझवला.