रांगेतल्या शेवटच्या माणसाचा बर्फ

"आला! आला!" असा गलका झाला आणि फर्निचरच्या दुकानावरचा तो अख्खा हॉल उठून उभा राहिला. कोण आला? एका बाईचा वारलेला नवरा. कशावरून? तर काळ्या पाटावर ठेवलेल्या बर्फाच्या खड्याचं बघता बघता पाणी झालं म्हणून! खाली विस्तव नाही, वर दिवा नाही. बाई ढसाढसा रडत होती आणि गारमहाराज शाल सावरत पुढच्या माणसाला बोलावत होते.

महाराजांकडे तसे दोन काळे पाट. आधी भक्ताने दोन्हींवर हात ठेवायचा. पहिला साधा, हाताला बेताचाच गार. दुसरा सिद्ध पाट, चांगलाच थंडगार. मग दोन्हींवर एकेक खडा. साध्या पाटावरचा ढिम्म, आणि जो जास्त गार त्याच्यावरचा मात्र झरझर वितळायचा!

"गार पाटावर बर्फ टिकायला हवा की नाही, बाळांनो?" महाराज सूर लावायचे. "मग वितळवतं कोण? तुमच्या माणसाची ऊब! आत्मा स्पर्श करतो, आत्मा!" चांगले शिकलेसवरलेले लोक माना डोलवत होते.

रांगेच्या अगदी शेवटी माझे वडील उभे होते, अप्पा. ते कुठल्याही रांगेत शेवटीच असतात. "आधी तुम्ही, मला काही घाई नाही," हे त्यांचं जन्माचं पालुपद. आई म्हणायची, "यांना स्वर्गाच्या दारातसुद्धा कोणीतरी पुढे घालायला सापडेल." आई दवाखान्यात होती, त्या शेवटच्या संध्याकाळीही हे लिफ्टपाशी सगळ्यांना पुढे सोडत राहिले. वर पोचले तोवर आई गेली होती.

तेव्हापासून आमचं घर मुकं झालंय. ते त्यांच्या खोलीत, मी माझ्या. मध्ये टीव्ही बडबडतो, तो कोणी ऐकत नाही. आईबद्दल अप्पांनी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. कुठून सुरुवात करायची तेच कळत नव्हतं.

मग अप्पा इथे यायला लागले. दर वेळी त्यांचा बर्फ जसाच्या तसा, हे मला आज रांगेतल्या लोकांकडून कळलं. महाराज म्हणाले, "रागावलीय ती. वेळेवर पोचला नाहीस ना!" लिफ्टची गोष्ट अप्पांनीच सांगितली असणार. मला ती लिफ्टमनकडून कळली, ह्यांना मात्र स्वतः सांगितली! मागच्या खेपेला नवीनच टूम निघाली. "घरात अश्रद्ध माणूस आहे. ते घर सोड, आश्रमात राहायला ये, मग ती येईल." अश्रद्ध माणूस म्हणजे अस्मादिक. आज अप्पा भरलेली बॅग घेऊनच घरातून निघाले, आता ती इथे खाली जिन्यापाशी ठेवली होती. म्हणून मी मागोमाग आले, नाहीतर असल्या ठिकाणी माझं काय अडलंय!

मी चार्जर बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. यंत्र तापलं की त्यातली उष्णता ओढून हवेत सोडायला धातूची पाती बसवतात, त्याला हीटसिंक म्हणतात. ती पाती तपासणं हेच माझं काम. त्यामुळे मी आत्म्याकडे न बघता पाटाकडे बघत होते. पहिल्यापहिल्यांचा बर्फ झरझर, मधल्यांचा रेंगाळत, शेवटच्यांचा जागेवरच. आत्मे काय रांगेच्या क्रमाने दमतात? आणि सिद्ध पाटाला ही जमिनीपर्यंत मखमली झालर कशाला?

शेवटी अप्पांची पाळी आली, त्यांनी हात जोडले. बर्फ हलेना. महाराजांनी सुस्कारा सोडला, "बघ, अजून राग..."

"थांबा," मी म्हणाले. "मला माझ्या आत्याला बोलवायचंय."

कोणी काही बोलायच्या आत मी झालर वर केली. खाली अॅल्युमिनियमची पातळ, उभी पाती, मध्ये बेताचं अंतर. अगंबाई, हे तर आमच्याच कारखान्यातलं वाटावं असं! "हात लावू नको, भस्म होशील!" महाराज ओरडले. मी त्यांचाच टेबलफॅन ओढला आणि पात्यांकडे तोंड करून लावला. पाट पुसला. जरा वेळ थांबले. मग नवा खडा ठेवला. त्याचं बघता बघता पाणी झालं.

"आली! आली!" कोणीतरी सवयीने ओरडलं.

"आली ना? माझी आत्या घरी वाटाणे सोलत बसलीय, चांगली धडधाकट. फोन लावू?"

हॉलमध्ये हशा पिकला. महाराज पाण्याचा पेला शोधायला लागले.

मग मी सांगितलं. साधा पाट स्टीलचा, सिद्ध पाट अॅल्युमिनियमचा, वर काळा रंग एकच. अॅल्युमिनियममधून उष्णता भराभर वाहते. ते तुमच्या हाताची ऊब खेचतं म्हणून गार लागतं, आणि तशीच ऊब बर्फाला देतं म्हणून बर्फ वितळतो. स्टील याच कामात आळशी. खालची पाती खोलीतल्या हवेची ऊब गोळा करून पाटाला देतात. पण त्यांच्यामधून हवा खेळायला हवी. पाती अगदी खेटून लावली किंवा झाकून टाकली की ती नुसती नावाला उरतात. महाराजांनी गुपित लपवायला झालर लावली आणि स्वतःच्याच पात्यांचा गळा आवळला. दर खड्यागणिक पाट गारठत गेला. शेवटच्या माणसाच्या वाट्याला ऊब उरणार कुठून?

अप्पा पाटावर हात ठेवून उभे होते. "म्हणजे ती रागावली नव्हती?"

"नाही, अप्पा."

"आणि आलीही नव्हती."

"नाही." राग का होईना, त्यांच्यापाशी आईचं काहीतरी होतं. तेही मी काढून घेतलं.

खाली जाऊन मी बॅग उचलली. अप्पा जिन्यातच थांबले होते. "तू होतीस ना तिच्यापाशी," ते हळूच म्हणाले. "शेवटी काही म्हणाली?"

इतके महिने हा प्रश्न ते बर्फाला विचारत होते!

"म्हणाली, 'तुझे अप्पा लिफ्टपाशी असतील, लोकांना आत घालत. येऊ देत सावकाश.' आणि हसली."

अप्पा पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांना चिकटून बसले. वरून माणसं उतरायला लागली तेव्हा त्यांनी डोळे पुसले, भिंतीकडे सरकले आणि म्हणाले, "या, आधी तुम्ही."

लोकहो, चमत्कार दिसला की आधी झालर उचलून बघा. आणि गेलेल्या माणसाबद्दल काही विचारायचं असेल तर त्याच्यापाशी जो होता त्याला विचारा. तो बहुधा शेजारच्याच खोलीत असतो.