'इन्क्रीज'चं कार्ड

बाबा हट्टी, याबद्दल घरात दुमत नव्हतं. तीस वर्षं मराठी बोलण्यात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश करताना त्यांनी एकच नियम पाळला. उदाहरणाचं वाक्य टेबलाशी बसून रचायचं नाही, कोणाच्या तरी तोंडून ऐकलेलंच घ्यायचं. कार्डावर शब्द, अर्थ, वापर, मग वाक्य, आणि खाली कोण बोललं, कधी बोललं. एका वाक्यापायी ते न्हाव्याच्या दुकानात एकाच आठवड्यात तीनदा दाढी करून आले होते. हाताखाली काम करणाऱ्या लेकीने कंटाळून कधी मनचं वाक्य ठोकून दिलं, की लाल पेन्सिलीची रेघ ठरलेली. तिची एकही थाप त्यांच्यापुढे पचली नव्हती.

आता ते इस्पितळात होते आणि उशाशी कार्डांची शेवटची पेटी. तिच्यात एकच कार्ड अपुरं होतं, 'इन्क्रीज'. अर्थ लिहून झाला होता: असलेलं आणखी वाढवणं. वापरही: पगार, वेग, मात्रा, म्हणजे ज्याला माप आहे अशा गोष्टींसाठी. वाक्य तेवढं नव्हतं. इतका साधा शब्द, कुठेही ऐकू येईल, म्हणून तो मागे पडत गेला होता.

सकाळी डॉक्टरांनी लेकीला बाहेर बोलावलं. आजार हाताबाहेर गेलाय, फार तर दोन आठवडे, असं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मग म्हणाले, "आता दुखण्यावरचं औषध इन्क्रीज करत जायचं, एवढंच."

वाक्य कोशात शोभेल असं होतं. तिला त्या शब्दाचा राग आला, डॉक्टरांचा आला आणि सगळ्यात जास्त त्या पेटीचा. खरं कळलं तर बाबा आजच धीर सोडतील, या भीतीने तिला घेरलं. तोंडावर पाणी मारून ती आत गेली.

डॉक्टर काय म्हणाले, बाबांनी विचारलं.

"म्हणाले, आहार इन्क्रीज करा. महिनाभरात घरी जाल."

बाबांनी पेटीतून 'इन्क्रीज'चं कार्ड काढलं. मग त्यांनी तिला तेच वाक्य कार्डावर लिहायला सांगितलं. खाली तिने 'डॉक्टर' लिहिलं. बाबांनी चष्मा लावून कार्ड दोनदा वाचलं आणि लाल पेन्सिल मागितली.

वाक्याला त्यांनी हात लावला नाही. फक्त 'डॉक्टर' खोडलं आणि शेजारी वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'माझी मुलगी'.

"राहू दे," ते म्हणाले. "कोणीतरी बोललंय ना हे."

तिला रडू आवरेना. बाबांनी तिला पोटभर रडू दिलं. मग, किती दिवस, एवढंच विचारलं, आणि तिने खरं सांगितलं.